राजाने बुडवलेलं तिखट चीज

एका राज्यात डोंगर थेट समुद्रात उतरत, आणि माणसांपेक्षा मेंढ्याच जास्त. घरोघरी चीज बने. त्यातलं एक भलतंच उग्र: मिरीचा दाणा न घालता जीभ भाजणारं, बुरशीचं, पुन्हा पुन्हा मळलेलं. जुन्याचा गोळा राखून नव्यात मिसळायचा, आपण विरजण लावतो ना, तसा. त्या गोळ्याला तिथे 'आई' म्हणत.

राजा लेआन्द्रोस नाकाचा नाजूक. त्याने हुकूम सोडला, "ही घाण समुद्रात टाका. जो लपवील, त्याचं डोकं उडेल." झालं! गाडगी बुडाली. तेव्हा थेक्ला चेटकीण दरबारात आली नि म्हणाली, "राजा, तू आई बुडवलीस. तुझी लेक मिठाची होईल. तीन चिजं तिच्या ओठी लागली तरच सुटेल: खारवणीत निजलेलं, निवळीतून उठलेलं आणि तू बुडवलेलं."

तत्क्षणी छोट्या फ्रोसोची पावलं पांढरी पडली. "आई, पाय उचलत नाहीत गं!" राणी दाफ्नी तशीच चिजं शोधायला निघाली.

डोंगरावर मेंढ्या राखणारा राक्षस होता. राणीने खारवणीतलं चीज मागितलं, तेव्हा तो म्हणाला, "मेंढीचं नि शेळीचं दूध मिसळ. चुकलीस तर इथेच राहशील." किती कशाचं, हे राणीला ठाऊक नव्हतं. समुद्रावरून येऊन खांद्यावर बसलेला कुरव पक्षी बोलला, "राणीसाहेब, मेंढीचं जास्त, शेळीचं थोडं. शेळीचं वाढलं की चीज टणक होतं." तसंच केलं. राक्षसाच्या पिंपात महिन्यांचं काम घटकेत होई. मिठाच्या पाण्यातून आंबटसर, पांढरीशुभ्र वडी निघाली.

इकडे मीठ फ्रोसोच्या गुडघ्यांवर चढलं होतं.

दरीत एक नाग निवळीच्या कढईला वेढा घालून होता. "चीज काढून उरलेलं पाणी हे. यातून काय काढणार?"
"जे राहिलंय ते," राणी म्हणाली. तिने थोडं दूध घातलं, जाळ केला. उकळी फुटण्याआधीच मऊ, गोडसर, बिनमिठाचं चीज वर तरंगलं. नागाने वाट सोडली.

मीठ आता छातीपर्यंत आलं होतं, आणि तिसरं चीज कुठेच नव्हतं! राणी वाटी घेऊन दारोदार फिरली. "नाही हो राणीसाहेब, आमच्याकडे कुठलं?" म्हणत लोक दारं लावून घेत. डोकं कुणाला नको असतं?

"ते मला भीत नाहीत, तुम्हाला भितात," राणी रडत राजाला म्हणाली. "तुम्ही जा."

राजाने मुकुट काढून ठेवला. पहिल्याच दारी, एलेन्गो म्हातारीपुढे त्याने वाटी धरली. "आजी, चुकलो. आई द्या."

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि चुलीमागची वीट सरकवली. ते पाहून शेजारच्या घरातही वीट सरकली, त्यापलीकडेही. काय सांगू, हुकूम पुरता कुणी पाळलाच नव्हता: गाडगी बुडवली, पण थोडी आई लपवली! सगळ्या गल्लीत तो वास दरवळला.

राजा वाटी घेऊन धावला. फ्रोसोचा चेहरा तेवढा उरला होता. खारवणीतली वडी लावली, निवळीतलं लावलं, काहीच नाही. मग राजाने तिखट चीज बोटाने तिच्या जिभेवर ठेवलं.

"अगं आई गं, केवढं तिखट!" फ्रोसो ठसकली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि जिथून ते ओघळलं तिथलं मीठ विरघळत गेलं. पावलं मोकळी होईतो ती रडली, मग धावत जाऊन राणीला बिलगली.

त्या राज्याची घडी पुन्हा बसली. राजवाड्याच्या कोठीत तो गोळा अजून आहे. राजा स्वतः मळतो, आणि नाक धरत नाही.