अध्यक्षांचं गट फीलिंग

गुरुवारी गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होतो, तेव्हा वत्सूताई गेल्याचा फोन आला. आधी मनात काही चुकचुकलंही नव्हतं. दहाव्याला तिच्या शाळेतल्या कुंदा भोईटे आल्या आणि त्यांनी एक किस्सा सांगितला. त्यांनाही तो हेडमास्तरांकडून कळला होता.

भोईटेबाईंची मुलाखत झाली, त्या दिवशीची गोष्ट. नमुना पाठ त्यांचाच सर्वांत चांगला झाला होता, पण संस्थेच्या अध्यक्षांना, अप्पासाहेबांना, त्या नको होत्या. "हिच्या मामानं मला बाजार समितीला पाडलंय," असं चहा घेताना ते सगळ्यांसमोर बोलूनही गेले. मग त्यांनी इंग्रजीत शेरा लिहिला आणि ताईपुढे सरकवला. ताई इंग्रजी शिकवायची.

"बाई, एवढं तपासा. ही उमेदवार योग्य नाही, असं माझं गट फीलिंग आहे. बरोबर लिहिलंय ना?"

ताईनं चष्मा लावून शेरा वाचला.

"वाक्य बरोबर आहे, अप्पासाहेब, पण गट फीलिंग इथे लागू होत नाही. आतून वाटतं पण कारण सांगता येत नाही, तेव्हा ते लिहायचं. तुमचं कारण तर आम्ही आत्ताच चहाबरोबर ऐकलं. तेच लिहून देऊ का इंग्रजीत?"

हेडमास्तरांना खोकला आला. अप्पासाहेबांनी कागद फाडला, दुसरा घेतला आणि त्यावर 'सिलेक्टेड' लिहून सही केली.

"ताईंनी घरी सांगितलंच असेल," भोईटेबाई म्हणाल्या.

नव्हतं सांगितलं. तिच्या तोंडून ऐकायचं राहूनच गेलं.