राखाडी पाखराचं सोनं

एका राज्यात, सात समुद्रांपलीकडच्या, आपल्याकडे ऊन तापतं तेव्हा जिथं थंडी पडते अशा राज्यात, सोमकेतू नावाचा राजा होता. त्या राज्यात कंबरभर गवत, मक्याची शेतं आणि पलीकडचा काठ दिसू नये इतकी रुंद नदी. आणि होता एक इवलासा पक्षी. हळदीत बुडवून काढावा आणि कपाळावर केशराचं बोट ओढावं, असा. लोक त्याला केशरमाथ्या म्हणत.

या केशरमाथ्याला मेला घर बांधायचा कंटाळा. कुंभारपक्षी चिखलाचं, भट्टीसारखं गोल घर बांधायचा, एक वीण झाली की सोडून जायचा. त्यात हा सुखानं संसार मांडायचा. ते न मिळालं तर पोकळ बांबू, नाहीतर माळावर पडलेली बैलाची वाळकी कवटी. दाणे मात्र जमिनीवर उतरूनच टिपायचा. गाणंही काही मोठं नव्हे. चार-पाच सूर, तेच ते, पुन्हा पुन्हा. पण त्या सुरांवर राज्याची सकाळ उजाडे. सोमकेतू लहान होता तेव्हा त्याची आई, पुढची राजमाता, अंगणात येई आणि लेकाला हाक मारी, "सोम्या, दाणे टाकलेस का रे?" की सोम्या गवताच्या बियांची मूठ भरून धावत येई.

पुढं सोम्याचा महाराज झाला. दाणे टाकायला सेवक आले.

दोन नर एका घरट्यावरून झोंबतात हे एका दरबाऱ्यानं पाहिलं. "महाराज, यांना पिंजऱ्यात झुंजवून पाहू. बहार येईल!" मग गिरजा बुरूडीण बसली बांबू सोलायला. शंभर पिंजरे तिनं विणले. पिवळे नर पिंजऱ्यात गेले. अंगणात उरली ती राखाडी पाखरं, छातीवर रेघा असलेली. दरबारी म्हणाले, "या चिमण्या फुकट खातात." त्यांना काठीनं हाकललं.

एके दिवशी धूमकेश नावाचा जादूगार दरबारात आला. झुंजीत हरलेलं पाखरू त्याच्या पायाशी पडलं. त्यानं ते तळहातावर घेतलं, तिथंच पाखराचा जीव गेला.

"राजा," तो म्हणाला, "तू रंग पाहिलास, पाखरू पाहिलं नाहीस. रंग मी नेतो."

तो दाराबाहेर पडला आणि त्याच्या मागोमाग सारा पिवळा रंग निघाला. झेंडू पांढरा पडला. हळद राखेसारखी झाली. मक्याची कणसं म्हाताऱ्याच्या दातांसारखी दिसू लागली. पिंजऱ्यांची दारं बंद होती, आत पाखरं नव्हती. आणि दुसऱ्या सकाळी राजमाता अंगणात आली, तोंड उघडलं, पण हाक बाहेर पडेना. लेक समोर उभा, तर ती परक्याकडे पाहावं तशी पाहत राहिली.

राजा अनवाणी धावला. नदीकाठी त्यानं जादूगाराला गाठलं. "माझी आई मला परत दे."

"तीन कामं कर. बांधणाऱ्यानं सोडलेलं घर आण. त्यात धुळीतलं सोनं वस्तीला बोलाव. मग त्याला हात न लावता वाट पाहा. हात लागला, तर आई कायमची मुकी."

सरदारांनी ओसाड वाड्यांच्या चाव्यांची रास घातली. काही झालं नाही. तेव्हा गिरजा पुढं आली.

"महाराज, हे कोडं माणसाच्या घराचं नव्हे. माझ्यासंगं माळावर चला."

माळावर एका खुंटावर कुंभारपक्षी चिखल थापत बसला होता.

"दादा, तुझं जुनं घर देतोस का?" गिरजानं विचारलं.

"मला विचारायची रीत कधीपासून पडली?" पक्षी म्हणाला. "दरवर्षी मी बांधतो, आणि दरवर्षी ते पिवळे जावई न विचारता येऊन बसतात! ते गेले तर घर कसं सुनं पडलंय. ने, ने बाई. जपून, दार डाव्या अंगाला आहे."

राजानं ते घर स्वतःच्या डोक्यावरून आणलं आणि राजमातेच्या खिडकीसमोर खांबावर ठेवलं. पहिलं काम झालं.

मग सेवकांनी नदीची वाळू चाळून सोन्याचे कण काढले, घरात ओतले. ते तसेच पडून राहिले. तेवढ्यात अंगणात आवाज झाला, "हाट्! हाट्!" एक सेवक राखाडी पाखरांवर काठी उगारत होता. गिरजानं काठी धरली आणि राजाच्या पायाशी येऊन बसली.

"महाराज, हीच त्या पिवळ्या पाखरांची पिल्लं. पहिलं वर्ष ती अशीच धुळकट असतात, पिवळा रंग पुढं चढतो. बुरुडाच्या बांबूत वाढलेलं पाखरू मला का ठाऊक नसेल? पण बोलले असते तर यांनाही पिंजरा लागला असता. म्हणून गप्प राहिले. त्यांना काठ्या बसल्या तरी गप्पच राहिले."

राजानं तिला उठवलं. "पिंजरे मी मागितले होते, गिरजाबाई." आणि कितीतरी वर्षांनी त्यानं बियांची मूठ भरली.

राखाडी पाखरं भीत भीत उतरली. आठव्या दिवशी त्यातलं एक चिखलाच्या घरात शिरलं. दुसरं काम झालं.

उरलं तिसरं, वाट पाहणं. तुम्हाला वाटेल, हे सोपं. राजा रोज दाणे टाकी, गिरजा दर तीन-चार दिवसांनी एक पिंजरा उसवी. पाखरू गायला शिकू लागलं. दोन सूर लागायचे, तिसऱ्यावर घसरायचं. वर्ष सरत आलं, तशी राजमाता अंथरुणाला खिळली. पेजेचा घोटही उतरेना.

दरबारी कुजबुजले, "महाराज, पाखरू उडून गेलं तर? धरून ठेवा. आईंचा जीव आहे त्यात."

राजाचा हात घराच्या दारापर्यंत गेला. आत पाखरू अंग चोरून बसलं होतं. राजाला आठवलं, लहानपणी त्यानं असाच हात घातला होता, तेव्हा आई म्हणाली होती, "आपण दाणे टाकावेत, बाळा. यायचं की नाही ते त्यानं ठरवावं." राजानं हात मागं घेतला. पाखरू भुर्रकन उडालं. तीन दिवस आलं नाही. राजा दाणे टाकीत राहिला.

चौथ्या सकाळी चिखलाच्या घरावर हळदीचा गोळा बसलेला होता, कपाळावर केशराचं बोट. त्यानं गळा फुगवला. पहिला सूर, दुसरा, तिसरा, न घसरता. कुंपणाचा झेंडू पिवळा झाला, मग मका, मग घराघरांतली हळद. शेवटचा पिंजरा गिरजाच्या मांडीवर उसवलेला पडला होता.

आणि आतून, पेजेच्या वाटीपलीकडून, बारीक हाक आली.

"सोम्या, दाणे टाकलेस का रे?"

"टाकले, आई," महाराज म्हणाले, आणि आणखी एक मूठ भरायला धावले.

त्या राज्यात अजूनही राखाडी पाखराला कुणी हाट् म्हणत नाही. तिथली सकाळ जशी पिवळी झाली, तशी तुमच्या अंगणात होवो. आणि तुम्हाला हाक मारणारं माणूस हाकेच्या अंतरावर असो.