चिखल्याची मादी आणि गुरूंचा पाय

एकदा एक वृद्ध पक्षिअभ्यासक उन्हाळ्याच्या सुट्टीत काही हौशी मंडळींना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने पक्षी दाखवत निघाले होते. बरोबर त्यांचा शिष्य होता. कित्येक वर्षे त्याने गुरूंची दुर्बीण वाहिली होती आणि आता त्याला एकच ध्यास लागला होता: पुढच्या वर्षी ही मंडळी गुरूंच्या नव्हे, आपल्या मागून यावी. मंडळींत तोफेएवढा कॅमेरा बाळगणारा एक व्यापारी होता. हा शेठ एकदा खूश झाला की बाकीचे आपोआप येतील, हा शिष्याचा हिशेब.

एके सकाळी सुरूच्या बनापुढच्या पुळणीवर एक पाखरू त्यांच्यापुढे धडपडू लागले. वाळूत तुरुतुरु धावणाऱ्या चिखल्याची मादी, मुठीत मावेल एवढी. एक पंख जमिनीवर ओढत, केविलवाणी ओरडत ती लंगडत चालली होती.

"अरेरे, बिचारीचा पंख मोडला की!" व्यापारी कळवळला.

शिष्य हसला. तो काही बोलणार, तोच मागून "आई आई गं!" असा कण्हण्याचा आवाज आला. गुरू पाय धरून वाळूत बसले होते.

मंडळी पाखरू विसरून धावली. खांद्याचा आधार देऊन त्यांनी गुरूंना पार बनाच्या सावलीत नेले. सकाळ फुकट गेली. "या वयात हे उद्योग करावेत कशाला?" व्यापारी पुटपुटला. पण शिष्याची नजर तयार होती, आणि ती गुरूंनीच तयार केली होती. येताना गुरू डाव्या पायाने लंगडत होते. पाणी प्यायला उठले तेव्हा उजव्या.

सोंग! शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाखराची लपवलेली अंडी मी शेठला शोधून देईन, वाहवा माझी होईल, म्हणून म्हाताऱ्याच्या पोटात दुखते, असे त्याने ठरवून टाकले. स्वतःच्या पोटात काय दुखते आहे, हे मात्र त्याने पाहिले नाही. कोण पाहतो म्हणा!

दुपारी गुरूंचा डोळा लागला, तेव्हा त्याने व्यापाऱ्याला खूण केली. "शेठ, पंखबिंख काही मोडलेला नाही. ती नाटक करते. आपल्याला जिकडे ओढते, त्याच्या बरोबर उलट चालायचं. अंडी तिकडंच."

"वा रे पठ्ठे! हे कुठं शिकलास?"

गुरूंचे नाव शिष्याच्या ओठांवर आले. त्याने ते गिळले.

अंडी सापडली. वाळूतल्या उथळ खळग्यात, वाळूसारखीच ठिपक्याठिपक्यांची. फोटो काढायला व्यापारी वाकला, बसला, पालथा पडला, तरी त्याचे समाधान होईना. ऊन भाजत होते, दूर मादी आक्रोश करत होती. सुरूच्या शेंड्यावरून एक कावळा मान तिरपी करून माणसे कुठे वाकतात ते पाहत होता. "पुढच्या वर्षी आम्ही तुझ्याबरोबरच," व्यापारी म्हणाला. शिष्य कृतार्थ झाला.

संध्याकाळी गुरू त्याला एकट्याला पुळणीवर घेऊन गेले. मादी तिथेच उभी होती. शिष्य तिच्या जवळ गेला, आणखी जवळ गेला. ती लंगडली नाही. दोन्ही पंख पसरून सरळ उडून गेली. खळग्यात कवचाचे तुकडे होते आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या.

शिष्य खळग्यापाशी खाली बसला. "गुरुजी, तुम्ही मला नीट बजावायला हवं होतंत."

"काय बजावायचं?" गुरू म्हणाले. "ती का लंगडते, तुला ठाऊक होतं. मी का लंगडलो, तेही तुला कळायला हवं होतं. शेठला यातलं काही कळत नव्हतं, तोवर अंडी सुरक्षित होती. त्या जिवाचं गुपित मी तुला राखायला दिलं होतं रे. तू त्याचीच अंड्यांकडे जायची वाट केलीस. मागं काही वाचवायचं असेल तर जीव लंगडतो. तिचं आता काही उरलं नाही."

"आणि... तुमचं?" शिष्याने कसेबसे विचारले.

गुरूंनी हात पुढे करून दुर्बीण मागितली, स्वतःच्या गळ्यात घातली आणि ते चालू लागले. एखादे पाऊल तरी लंगडेल, म्हणून शिष्य बघत उभा राहिला. एकही लंगडले नाही.