मल्हारीनं पुस्तकाचा भाव ठरवला

ढोकरवाडी नावाचं एक गाव होतं. गावात भोळी माणसं पुष्कळ, पण लेखक एकच. त्याचं नाव मल्हारी. आणि सगळ्यांत भोळा नेमका तोच.

मल्हारीनं एक पुस्तक लिहिलं. नाव ठेवलं ‘विहिरीत पडलेली बादली कशी काढावी’. पुस्तक चांगलं होतं, खोटं कशाला बोला. पण छापायला कोण तयार होईना, म्हणून त्याचं ईबुक करायचं ठरलं. ईबुकाला लॅपटॉप पाहिजे. लॅपटॉपला पैसे पाहिजेत. मग घरची म्हैस विकली. चंद्री नाव तिचं, दोन्ही वेळा भांडं भरून दूध द्यायची.

बायको केराबाई बरेच दिवस नवऱ्याशी बोललीच नाही. बोलली तेव्हा एवढंच बोलली, "जत्रेच्या आत एक तरी पुस्तक विकून दाखवा. नाहीतर लॅपटॉप बाजारात आणि म्हैस गोठ्यात!"

मल्हारीनं लॅपटॉप उराशी धरला. लॅपटॉप गेला की लेखकपण गेलं. मग आहेच वैरण कापा आणि शेण भरा.

इंटरनेटवर एक दुकान होतं. तिथं कुणीही आपलं पुस्तक ठेवावं आणि किंमतही आपणच घालावी. मल्हारीनं पुस्तक ठेवलं आणि किमतीपाशी येऊन अडला.

"केरा, किती घालू गं?"

"मला काय विचारता? ज्यांचा जन्म विकण्यात गेला त्यांना विचारा की."

तेही खरंच. मल्हारी गेला पोतदार सोनारांकडे. "काका, मालाची किंमत कशी ठरवायची?"

"वजनावर, बाबा. आधी तोलायचं, मग बोलायचं."

मल्हारी वाण्याकडे गेला. लॅपटॉप काट्यावर ठेवला. भरला दोन किलो. खोक्यावर बघितलं, तर कोऱ्या लॅपटॉपचं वजनही दोनच किलो लिहिलेलं. म्हणजे पुस्तकाचं वजन झालं शून्य. घरी येऊन त्यानं किंमत घातली शून्य.

अहो, उड्या पडल्या! फुकट ते पौष्टिक. ज्यांच्या घरी विहीर नाही त्यांनीसुद्धा घेतलं.

"केरा, पुस्तक संपत चाललं बघ!"

"पैसे किती आले?"

"पैसे नाही आले."

"मग त्याला विक्री म्हणतात होय? अहो, फुकट द्यायची ती चव. सगळा माल नव्हे. त्या कलिंगडवाल्याकडे जरा बघा."

मल्हारी कलिंगडवाल्याकडे जाऊन बघत बसला. कलिंगडवाला मधला लालभडक गाभा कापून लोकांना चाखायला देत होता. "गोड असेल तेच चाखवायचं, दादा. गिऱ्हाईक आपोआप थांबतं."

मल्हारीनं किंमत केली पन्नास रुपये आणि चाखायला एक प्रकरण फुकट ठेवलं. कुठलं? सगळ्यांत गोड. ज्यात बादली वर येते ते!

लोकांनी ते वाचलं. लोकांच्या बादल्या वर आल्या. उरलेलं पुस्तक घ्यायचं कुणाला काय पडलंय? एकानं तर वर आलेल्या बादलीचा फोटो पाठवला, खाली हात जोडून.

केराबाईनं कपाळावर हात मारला. "सगळंच कसं हो उघडं टाकता? धंद्यात काही झाकून ठेवावं की नाही? बैलबाजारात भाव कसे ठरतात, बघितलंत का कधी?"

नव्हतं बघितलं. मग बघायला गेला. तुम्हाला ठाऊक असेलच, बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव करायचा. शेजारच्याला पत्ता लागत नाही.

मल्हारीला ही रीत फार आवडली. त्यानं पन्नासाचा आकडा काढून टाकला आणि तिथं लिहिलं, ‘भाव समक्ष ठरेल’. खाली आपला फोन नंबर दिला. फोनशेजारी टॉवेल घेऊन बसला.

आला की हो फोन! मिरजेच्या एक बाई होत्या. "तुमचं ते बादलीचं पुस्तक हवंय. केवढ्याला?"

मल्हारीनं फोनवर टॉवेल टाकला. आत हात घातला आणि बोटं दाबली.

"हॅलो? केवढ्याला म्हटलं?"

मल्हारीनं आणखी जोरात दाबली.

"हॅलो? अहो, ऐकू येतंय का?"

यानं असा काही दाब दिला की फोनच बंद पडला.

"काय झालं?" केराबाईनं विचारलं.

"भाव पटला नाही तिला. हात सोडवून घेतला."

केराबाई जात्या शांत बाई, म्हणून नुसती खाली बसली. म्हणाली, "अहो बाबा, सरळ आकडा घाला. आपला खर्च किती झाला तो बघायचा आणि तेवढं निघेल असा भाव घालायचा. एवढं तर शेंबडं पोरही सांगेल."

"खर्च काय झाला आपला?"

"म्हैस गेली की माझी!"

मल्हारीनं लगेच किंमत घातली, साठ हजार. चंद्रीला तेवढेच आले होते. बादलीच्या पुस्तकाला साठ हजार! तेवढ्यात विहिरीला कठडा बांधून होईल आणि वर बादल्याही येतील पोतंभर. गिऱ्हाईक तर सोडाच, कुणी चुकूनसुद्धा फिरकलं नाही.

जत्रा उद्यावर आली. मल्हारी रडकुंडीला आला. बाजारात ताराक्का कासारीण बसली होती, तिच्यापुढं त्यानं गाऱ्हाणं मांडलं.

ताराक्का हसली. "भवानीच झाली नाही तर पुढचं गिऱ्हाईक येईल कुठनं? सकाळची पहिली विक्री व्हावीच लागते बघ. माझ्याकडे कुणी आलं नाही, तर मी घरच्याच माणसाला बांगड्या भरते. पण पैसे मोजून घेते हां. घरचं झालं तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक."

मल्हारीचा चेहरा उजळला. लॅपटॉप काखेत मारून तो धावतच तालुक्याला गेला.

संध्याकाळी आला तो नाचत. "केरा! विकलं! एक पुस्तक विकलं! रोख पैसे भरून घेतलं गिऱ्हाईकानं! लॅपटॉप वाचला गं माझा!"

केराबाईचे डोळे भरून आले. काही झालं तरी नवरा तो. तिनं आधी देवापुढं साखर ठेवली, मग विचारलं, "कुणी हो घेतलं?"

"मी!"

"तुम्ही? आणि साठ हजार कुठनं आणलेत?"

"साठ कुठले? घासाघीस केली. हा उजवा हात गिऱ्हाईकाचा, हा डावा लेखकाचा, वर टॉवेल. लेखक लई ताठ, ऐकेचना. पण मीही सोडला नाही. वीस हजारांवर आणला बेट्याला!"

"अहो, पण वीस हजार तरी कुठनं आणलेत?"

"लॅपटॉप विकला ना. दुकानदार वीसच देत होता. म्हणून तर लेखकाला खाली ओढावं लागलं."

केराबाई भिंतीला टेकली. म्हणाली, "निदान ते पुस्तक तरी दाखवा. वीस हजारांचं."

"पुस्तक लॅपटॉपात आहे."

केराबाईनं बादली उचलली आणि तरातरा विहिरीवर गेली. रागाच्या भरात बादली अशी फेकली की दोर हातातनं सुटला आणि बादली बुडाली तळाला.

"आता ही तरी काढा!" ती ओरडली.

मल्हारीनं विहिरीत वाकून बघितलं. मग शांतपणे म्हणाला, "काढतो की. आधी तू ते पुस्तक विकत घे. घरचं झालं तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक."