अनवाणी माणूस

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा देवराईतलं वाळकं पानसुद्धा कोणी घरी नेत नसे. तिथे एक भेकर आपल्या पाडसाला घेऊन राहायची. तिचा जीव सारखा धास्तावलेला असे.

"बाळा, वहाणा वाजल्या की पळायचं. अनवाणी माणसं देवाला येतात, ती काही करत नाहीत," हे ती पाडसाकडून रोज घोकून घ्यायची.

एके सकाळी एक माणूस आला. राईच्या कडेला त्याने वहाणा काढल्या. पाडस खुशाल चरत राहिलं.

"पळ की रे!" आई कुजबुजली.

"तू ना, उगाच भितेस. अनवाणी तर आहे!"

पण माणूस देवाकडे बघतसुद्धा नव्हता. आवाज होऊ नये म्हणून तो जपून पाऊल टाकत होता, आणि पाठीमागे त्याने जाळं लपवलं होतं.

भेकर कुत्र्यासारखी जोरात भुंकली. माणूस दचकून तिच्याकडे वळला, तेवढ्यात पाडस करवंदीत शिरलं. मग तीही जीव घेऊन धावली.

ओढ्याकाठी दोघं भेटली तेव्हा पाडस तिला बिलगलं.

"आई, आता कोणाला भ्यायचं गं?"

ती त्याचं अंग चाटत राहिली.