झडतीनंतरचं दार

"पण दोष नेमका कुणाचा, ते तरी सांगा महाराज!"

वखारवाले धारप आमच्या मठाच्या ओसरीवर पुन्हा तेच विचारत होते. माणूस शरण आलेला, पण आवाज अजून चढाच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

त्यांच्या वखारीतून सागवान चोरीला गेलं होतं. धारपांनी कोर्टात शपथेवर लिहून दिलं, 'सोपान सुताराच्या घरात माल मी डोळ्यांनी पाहिला.' पाहिलं काहीच नव्हतं. नुसता संशय.

त्या शपथेवर झडतीचं वॉरंट निघालं. पोलिसांनी घर उकरलं, चूलसुद्धा फोडली. ढलपीही सापडली नाही. त्याच आठवड्यात सोपाननं विहीर जवळ केली. मागे राहिली त्याची बायको, हौसा.

"मॅजिस्ट्रेटनं शपथ पाहून सही केली, तो सुटला," धारप म्हणाले. "पोलिसांनी हुकूम पाळला, ते सुटले. हौसानं माझ्यावर दावा लावला. कोर्ट म्हणालं, संशय प्रामाणिक होता. मीही सुटलो. मग..."

शंभुगीर महाराजांनी हातातली जपमाळ खाली ठेवली.

"मला तिची माफी हवी महाराज. घास उतरत नाही हो."

"शपथ खोटी होती, हे कोर्टात सांगितलंस?"

"वकील नको म्हणाले..."

"तिला सांगशील?"

"सांगेन."

"मग जा."

दिवस मावळायच्या आत धारप परतले. ओसरीवर मटकन बसले. ताठाबिठा काही उरला नव्हता.

"दार उघडलं नाही तिनं. गावात दिवसा दार लावायची रीत नाही, आणि हिचं भरदुपारी आतून अडसर घातलेलं. हाका मारल्या. शपथ खोटी होती, असं बाहेरूनच ओरडून सांगितलं. सगळ्या आळीनं ऐकलं."

"आणि ती?"

"आत होती. खोकताना ऐकली मी... पण उघडलं नाही."

धारप रडू लागले. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू? आणि कीव आली म्हणून माझाच मला राग आला.

"आता ते दार कसं उघडायचं महाराज? तुम्हीच सांगा."

महाराजांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला आणि ते उठले.

"तुला तर ठाऊक आहे," ते म्हणाले. "शपथेवर लिहून दे. वॉरंट मिळेल."