पंखा बंद ठेवलेली मिरची

“मग चुकतंय कुठं, आक्का?”

निरंजनने तिसऱ्यांदा विचारलं. त्याचा गुडघा हलत होता. एकच. दुसऱ्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली कुंडी होती.

सुंद्राक्का पन्हाळ्याच्या रस्त्याला असलेल्या आपल्या रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरत बसल्या होत्या. दोन वर्षं दर रविवारी तो त्यांच्याकडे झाडं शिकत होता. त्याचं-माझं लग्न तीन महिन्यांचं, म्हणजे त्याच्यावर हक्क आधी त्यांचा.

“काय काय करतोस, सांग की.”

त्याने सांगितलं. खास दिवा. पाणी मोजून. खिडकी बंद, कीड येते म्हणून. पंखा बंद, पानांना सोसत नाही म्हणून. कुणी हात लावायचा नाही.

कुणी म्हणजे मी. एप्रिल चाललाय, आणि मी त्या खोलीतून घाम पुसत चवड्यांवर जाते.

“फुलं?”

“भरपूर येतात. देठासकट गळतात. शोभेची मिरची, आणि मिरचीच नाही. आधीची चार झाडं अशीच गेली. हे शेवटचं, आक्का. याला धरली नाही तर सोडून देणार मी हे सगळं.”

आक्कांनी चादर सोडली. पांढरी फुलं, सगळी माना खाली घालून. त्यांची-माझी ओळख जुनीच.

आक्कांनी फांदीला टिचकी मारली. चांगली सणसणीत.

“आक्का...” निरंजन अर्धा उठला.

दुसरी. तिसरी. एक फूल पडलं. त्याने कुंडी छातीशी ओढली.

आक्कांनी बोट पुढे केलं. मातीने काळ्या झालेल्या नखावर परागांची पांढरी भुकटी.

“फुलात हुतीच की. जाग्यावरनं हलली न्हाई.”

“मी एवढं जपलं...”

“व्हय. दिसतंय.”

त्याचा गुडघा थांबला. माझा सुरू झाला.

आक्का माझ्याकडे वळल्या. “आन तू गं? तू काय करतीस, ह्यो झाडापाशी असला की?”

“काही नाही,” मी म्हटलं. “आवाज होऊ देत नाही.”

आक्का हसल्या नाहीत. त्याच्या हातातली कुंडी काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

“तिच्या हातून फुलं पडतील, आक्का,” निरंजन म्हणाला.

“पडतील चार,” आक्का पिशवीत माती दाबत म्हणाल्या. “बंद घरात कुणीतरी वारं व्हायला लागतंय, साहेब.”